विहीर एक, विभाग चार

वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकातील एका उत्तरात ‘दुष्काळ हा कोणत्याही एका विभागाच्या कपाटात मावणारा विषय नाही’ असे वाक्य ओघात लिहिले गेले होते. त्या वाक्याला धरून मराठवाड्यातून बरीच पत्रे आली. त्यांपैकी पाच येथे घेतली आहेत. पत्रे थोडी संक्षिप्त केली असून पत्रलेखकांची नावे दिलेली नाहीत.

प्रश्न : मी औसा तालुक्यात भूगोलाचा प्राध्यापक आहे. ‘आंतरविद्याशाखीय संशोधन’ हा शब्द प्रत्येक परिपत्रकात आणि नॅकच्या, म्हणजे महाविद्यालयांचे मूल्यांकन करणाऱ्या परिषदेच्या, प्रत्येक अहवालात येतो. हवामानबदल, अन्नसुरक्षा, साथीचे रोग अशा जागतिक प्रश्नांवर विद्यापीठे एकत्र येऊन काम करतात, असे वाचतो. केंद्राची पाटी लावणे आणि उद्घाटनाची फीत कापणे यापलीकडे विद्यापीठ नेमके काय करते?

उत्तर : आपल्या प्रश्नातील उपरोध रास्त आहे, म्हणून आधी घरचीच गोष्ट सांगतो. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ अन्वये आपल्या विद्यापीठांत चार विद्याशाखा झाल्या. विज्ञान व तंत्रज्ञान, वाणिज्य व व्यवस्थापन आणि मानव्यविज्ञान या तीन, आणि चौथी आंतरविद्याशाखीय अभ्यासाची. या चौथ्या शाखेत शिक्षणशास्त्र, शारीरिक शिक्षण, ग्रंथालयशास्त्र, समाजकार्य, वृत्तपत्रविद्या असे विषय येतात. त्या विषयांचा मान राखूनही म्हणावे लागते की, पहिल्या तीन खोल्यांत ज्यांची सोय झाली नाही त्यांच्यासाठी ही ओसरी काढलेली आहे. परिणामी ‘आंतरविद्याशाखीय’ म्हटले की विद्यापीठाच्या कार्यालयात एक फाइल पुढे येते आणि संशोधकाच्या मनात भलतेच काही असते. आपण विचारता ते या दुसऱ्या अर्थाने, म्हणून त्याच अर्थाने उत्तर देतो.

हे संशोधन कशासाठी हवे, ते समजण्यासाठी आपल्याला परदेशी जाण्याची गरज नाही, किल्लारीपर्यंत गेले तरी पुरते. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणेशविसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी, झालेल्या त्या भूकंपात सुमारे दहा हजार माणसे गेली. त्या काळच्या भूकंपप्रवणतेच्या नकाशात हा भाग सर्वांत कमी धोक्याच्या, म्हणजे पहिल्या पट्ट्यात होता. जमीन का हलली, याचे उत्तर भूकंपशास्त्राने द्यायचे. परंतु तेवढ्या तीव्रतेच्या धक्क्यात इतकी माणसे का दगावली, याचे उत्तर त्या शास्त्राकडे नाही; ते दगडमातीच्या रुंद भिंतींत आणि माळवदात, म्हणजे मातीच्या सपाट छतात, आहे. दर पावसाळ्यापूर्वी गळती थांबविण्यासाठी माळवदावर मातीचा थर चढविला जाई आणि वर्षानुवर्षे छताचे ओझे वाढत जाई. लोक अशी घरे का बांधत, तर उन्हाळ्यात ती थंड राहत, माती-दगड गावातच मिळे आणि जाड भिंतीचा वाडा ही घराण्याची पत असे. नंतर पुनर्वसनात रुंद सरळ रस्त्यांची नवी गावे उभी राहिली, तेव्हा गल्ली, पार, गोठा आणि शेजार यांचे काय करायचे, हा प्रश्न ना अभियंत्याच्या आराखड्यात होता ना भूशास्त्रज्ञाच्या अहवालात. भूगर्भ, बांधकाम, हवामान, अर्थकारण आणि समाजरीत यांची गाठ एकाच माळवदाखाली पडली होती, आणि आपले अभ्यासक मात्र पाच इमारतींत बसले होते.

आता विद्यापीठे काय करतात ते पाहू. जी विद्यापीठे हे मनापासून करतात, ती विद्वानांना एकत्र येण्याचा उपदेश करण्यापेक्षा एकत्र येण्यातील अडचणी काढून टाकण्यावर भर देतात. अ‍ॅरिझोना राज्य विद्यापीठाने २००६ मध्ये शाश्वततेच्या अभ्यासासाठी पदव्या देणारे स्वतंत्र स्कूलच काढले. क्योतो येथे २००१ मध्ये स्थापन झालेल्या मानव आणि निसर्ग यांविषयीच्या संशोधन संस्थेत तर पारंपरिक विभागांऐवजी मुदतीचे प्रकल्प हाच संस्थेचा कणा आहे. कल्पना आधी लहान प्रमाणावर तपासली जाते, टिकली तरच तिला काही वर्षांचा निधी आणि माणसे मिळतात. आपल्याकडे मुंबईच्या आयआयटीत ग्रामीण भागासाठी पर्यायी तंत्रज्ञानाचा विचार करणारे केंद्र १९८५ पासून आहे. तेथील एम.टेक.च्या विद्यार्थ्यांना गावात राहून क्षेत्रकार्य करावे लागते, आणि नळयोजना का बंद पडली याचा शोध घेताना पंपाच्या अश्वशक्तीइतकेच ग्रामपंचायतीच्या थकीत वीजबिलाकडेही पाहावे लागते.

या सर्व ठिकाणी दिखाऊ भाग थोडा आणि हिशेबाचा भाग मोठा असतो. एक प्राध्यापक दोन विभागांत अर्धा-अर्धा नेमता येतो का, त्याचा कार्यभार कोण मोजणार, प्रकल्पाचे स्वतंत्र खाते असते का, उपकरण कोणाच्या नावावर चढणार, या प्रश्नांची उत्तरे आधी ठरलेली असतात. हे क्षुल्लक वाटेल, म्हणून स्वतःचा अनुभव सांगतो. काही वर्षांपूर्वी आम्ही दोन विभागांनी मिळून एक प्रकल्प घेतला होता आणि त्यात विहिरींची पाणीपातळी आपोआप नोंदविणारी तीन यंत्रे खरेदी केली होती. यंत्रे आली, परंतु ती कोणत्या विभागाच्या डेडस्टॉक रजिस्टरला, म्हणजे कायम साहित्याच्या नोंदवहीत, घ्यायची, हे ठरेना. नोंदीखाली एकाच विभागप्रमुखाची सही चालत होती, आणि ज्याची सही त्याच्यावर पुढील लेखापरीक्षणाची जबाबदारी येणार होती. दोघांपैकी कोणीच वाईट नव्हते आणि भांडार सांभाळणारे गृहस्थही नियमाला धरूनच बोलत होते. यंत्रे खोक्यांतच राहिली आणि पावसाळा निघून गेला. भूजलाच्या अभ्यासात पावसाळा हुकणे म्हणजे शेतकऱ्याने पेरणी हुकविण्यासारखेच आहे. सामाईक उपकरण-केंद्र असते आणि नोंद त्याच्या नावे झाली असती, तर हा प्रश्न उद्भवलाच नसता. आपल्या महाविद्यालयात अशा केंद्राची पाटी लागणार असेल, तर फीत कापण्यापूर्वी डेडस्टॉक रजिस्टर कोणाकडे राहणार, एवढे अवश्य विचारून घ्या.

प्रश्न : मी गेवराई तालुक्यातील आहे. समाजकार्यात पदव्युत्तर पदवी घेतली असून ऊसतोड महिलांचे आरोग्य आणि दुष्काळ यांचा संबंध तपासणारा पीएच.डी.चा विषय मनात आहे. एक गाइड म्हणतात, हा वैद्यकीय विषय आहे. दुसरे म्हणतात, अर्थशास्त्राकडे जा. नोंदणी कोठे करावी? आणि अशा मिश्र विषयाने पुढे नोकरी मिळेल का?

उत्तर : ताई, दोन्ही गाइड आपापल्या जागी खरे बोलले आहेत, आणि म्हणूनच आपला विषय चांगला आहे. बीड जिल्ह्यातील ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांविषयी २०१९ मध्ये डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली शासनाची समिती बसली होती. तेव्हा झालेल्या सर्वेक्षणात सुमारे ८२ हजार महिलांपैकी १३ हजारांहून अधिक महिलांची ही शस्त्रक्रिया झाल्याचे पुढे आले. हा आकडा स्त्रीरोगतज्ज्ञाच्या हाती दिला तर तो शस्त्रक्रिया आवश्यक होती की नाही, हे तपासील. परंतु दिवस बुडाला की ‘खाडा’ कापला जातो, नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ धरला जातो आणि मुकादमाकडून घेतलेली उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, फेडायची असते, ही बाजू श्रमाच्या अर्थकारणाची आहे. कोपीशेजारी, म्हणजे फडावरच्या झोपडीशेजारी, न्हाणीघर आणि शौचालय नसते, ही स्वच्छता-अभियांत्रिकीची बाजू आहे. गावी विहीर आटली नसती आणि रब्बी साधली असती, तर दसऱ्यानंतर गाडीत बसण्याची वेळ किती घरांवर आली असती, हे जलशास्त्राला विचारावे लागेल.

तरीही चार विषयांत नोंदणी करता येत नाही, आणि करूही नये. ज्या विषयात आपली पदवी आहे त्यातच, म्हणजे समाजकार्यातच, नोंदणी करावी. विषय आंतरविद्याशाखीय असेल तर दुसऱ्या विभागातील, किंबहुना दुसऱ्या संस्थेतील सहमार्गदर्शक घेण्याची मुभा विद्यापीठ अनुदान आयोगाच्या पीएच.डी. विनियमांत आहे. आपल्या जिल्ह्यातच अंबाजोगाईला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. तेथील जनऔषधवैद्यक विभागातील एखादे अध्यापक तयार झाले, तर त्यांचे लेखी संमतिपत्र आराखड्यासोबतच जोडावे. समितीसमोर तोंडी नावे घेऊन भागत नाही. तुळजापूरला टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचे संकुल आहे, तेथेही विचारून पाहावे. स्त्रियांच्या शस्त्रक्रियांविषयी माहिती घ्यायची म्हणजे नैतिकता समितीची मान्यता लागेल, आणि तिला वेळ लागतो, हे आजच धरून चालावे.

वेळेविषयी आणखी एक गोष्ट. २०२२ च्या विनियमांप्रमाणे पीएच.डी.साठी किमान तीन आणि साधारणतः कमाल सहा वर्षे आहेत. वर्षे मोजताना ती गळीत हंगामांत मोजावीत. एक हंगाम गावातून निघताना आणि परतल्यावर, दुसरा प्रत्यक्ष फडावर, असा आराखडा केला तर कोर्सवर्क आणि मान्यता यांत एक हंगाम गेला तरी काम उभे राहते. फडावर माहिती घेण्याची वेळ पहाटेची नसते, हे आपल्याला सांगण्याची गरज नाही. इतर विषयांतील सहकाऱ्यांना मात्र ते सांगावे लागेल.

नोकरीबाबत मोघम धीर देणार नाही. अध्यापकाच्या जाहिरातीत आजही पदव्युत्तर विषय आणि नेट-सेटचा विषय पाहिला जातो, प्रबंधाची व्याप्ती नंतर. म्हणूनच पाय समाजकार्यात ठेवण्याचा सल्ला दिला आहे.

प्रश्न : नांदेडहून लिहीत आहे. सहायक प्राध्यापक असून मी, भूशास्त्राचे एक मित्र आणि अर्थशास्त्राच्या एक सहकारी अशा तिघांनी मिळून शोधनिबंध लिहिला. ज्येष्ठ सांगतात, एकट्याने लिहा, नाहीतर कॅसच्या, म्हणजे पदोन्नतीच्या, वेळी पस्तावाल. हे खरे आहे का? आणि अशा कामाला पैसा कोठून येतो?

उत्तर : ज्येष्ठ चुकीचे सांगत नाहीत. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या विनियमांतील कोष्टक पाहा. दोन लेखक असतील तर प्रत्येकाला निबंधाच्या गुणांपैकी ७० टक्के मिळतात. तिसरे नाव आले की प्रमुख लेखकाला ७० आणि बाकीच्यांना प्रत्येकी ३० टक्के. मानव्यविद्येतील निबंधाला दहा गुण धरले, तर आपल्या अर्थशास्त्राच्या सहकाऱ्यांच्या वाट्याला तीन गुण येतात. त्यांनी एकट्याने लिहिले असते तर दहा आले असते. एकीकडे धोरण विषयांच्या भिंती पाडा म्हणते आणि दुसरीकडे कोष्टक तिसऱ्या माणसाला दाराबाहेर उभे करते. संयुक्त प्रकल्पात मात्र प्रमुख आणि सहसंशोधक यांना निम्मे-निम्मे गुण आहेत, तेवढे बरे. व्यवहाराचा उपाय म्हणून तिघांनी एकाच क्षेत्रकार्यातून तीन निबंध काढावेत आणि प्रत्येकाचे नाव एकेकदा पहिले यावे, असे मी सुचवीन. हा उपाय फार उच्च दर्जाचा आहे असे नाही, परंतु मैत्री टिकते.

प्रस्ताव मंजूर होण्याची अडचण केवळ आपल्याकडची नाही. ऑस्ट्रेलियाच्या संशोधन परिषदेकडे पाच वर्षांत आलेल्या अठरा हजारांहून अधिक प्रस्तावांचा अभ्यास २०१६ मध्ये ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात प्रस्तावातील विषय एकमेकांपासून जितके दूर, तितकी निधी मिळण्याची शक्यता कमी, असे दिसून आले. परीक्षक आपल्या विषयाच्या मापाने मोजतात आणि जोडकाम कोणालाच आपले वाटत नाही.

भारतात २०२३ च्या अधिनियमाने अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशन स्थापन झाले. २०२३ ते २०२८ या काळासाठी ५० हजार कोटी रुपयांचा अंदाज असून त्यातील मोठा वाटा सरकारबाहेरून यावयाचा आहे. कायद्याच्या व्याप्तीत मानव्यविद्या व सामाजिक शास्त्रे येतात, पण विज्ञान-तंत्रज्ञानाशी त्यांचा जेथे संबंध येतो तेवढीच. तेव्हा अर्थशास्त्राच्या सहकाऱ्यांचा भाग प्रस्तावात शेपटासारखा जोडू नये, मूळ प्रश्नातच गुंफावा. याच संस्थेच्या ‘पेअर’ या योजनेत नामवंत संस्था केंद्रस्थानी आणि राज्य विद्यापीठे तिच्याशी जोडलेली, अशी रचना आहे. आपल्या विद्यापीठाच्या संशोधन कक्षाकडे चौकशी करावी. परदेशी निधीच्या भरवशावर मात्र गावाला शब्द देऊ नये. ब्रिटनने जागतिक आव्हानांवरील संशोधनासाठी २०१५ मध्ये दीड अब्ज पौंडांचा निधी जाहीर केला होता. २०२१ मध्ये तेथील सरकारने परदेशी मदतीत कपात केली आणि अनेक देशांतील चालू प्रकल्प मध्येच अडकले.

प्रश्न : परभणीच्या कृषी विद्यापीठात पदवीच्या अखेरच्या वर्षाला आहे. जागतिक आव्हाने ही मोठ्या संस्थांची भाषा वाटते. आमच्यासारख्यांनी त्यात काय करावे?

उत्तर : आपल्याच विद्यापीठातून २०१८ मध्ये प्रसारित झालेले ‘परभणी शक्ती’ हे ज्वारीचे वाण आपण पाहिले असेल. हैदराबादजवळच्या इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या साहाय्याने आलेल्या या वाणात लोह आणि जस्त यांचे प्रमाण अधिक आहे. रक्तक्षय ही जगभरची समस्या आहे आणि तिचे एक उत्तर परभणीच्या प्रक्षेत्रावर उगवले. आता पुढचा भाग पाहा. दाण्यात लोह वाढविणे हे पैदासकाराचे काम, ते शरीराला किती लागते हे आहारशास्त्राचे. पण भाकरी फुगते का, चवीला गोड लागते का आणि कडबा जनावरे आवडीने खातात का, या तीन प्रश्नांवर बाईमाणूस आणि शेतकरी वाण ठेवायचे की टाकायचे ते ठरवितात, आणि सोयाबीन सोडून ज्वारीकडे वळायचे की नाही हे शेवटी बाजारभाव ठरवितो. आपल्या विद्यापीठात सामुदायिक विज्ञानाचे महाविद्यालय त्याच आवारात आहे. एकदा सायकलवर तिकडे जाऊन या.

प्रश्न : मी परतूर तालुक्यातील शेतकरी आहे. साहेब, आमच्या गावात काही वर्षांत पाच पाहण्या झाल्या. कोणी पाण्याची, कोणी कर्जाची, कोणी आजाराची माहिती लिहून नेली. दर वेळी तेच प्रश्न, तीच उत्तरे. काय निघाले, ते कोणी सांगितले नाही. आता फॉर्म भरावा की नाही?

उत्तर : आपले पत्र मी सहकाऱ्यांना वाचून दाखविले आणि त्यानंतर काही वेळ कोणी बोलले नाही. एकाच गावाला पाच विभागांनी पाच वेळा त्रास देणे, विषय वेगवेगळे ठेवण्याचा हा खर्च आहे, आणि तो विद्यापीठाच्या ताळेबंदात दिसत नाही, कारण तो आपण भरता.

लातूरला २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आले, पहिल्या फेरीत दहा वॅगनांतून पाच लाख लिटर, त्यानंतरच्या उन्हाळ्यात आम्ही तिघे जण त्या जिल्ह्यातील एका गावी गेलो होतो. तेथील एका शेतकऱ्याने फडताळातून शंभरपानी वही काढली. तिच्यात त्याने मारलेल्या सात बोअरांची नोंद होती. तारीख, किती फूट, केसिंग किती, मुरूम कोठे संपला, काळा पाषाण कोठे लागला, गाडीवाल्याचा दर आणि शेवटच्या रकान्यात पैसा कोठून आणला. आमच्यातील भूशास्त्राच्या मित्रांनी लगेच फूट आणि खडकाचे रकाने उतरवून घेतले, अर्थशास्त्राच्या बाईंनी तारखा आणि पैशाचे. दोघेही आपापल्या झाडाखाली बसून लिहीत होते. संध्याकाळी दोन कागद शेजारी ठेवले तेव्हा कळले की, बेसॉल्टमध्ये पाणी मुख्यतः वरच्या झिजलेल्या थरात आणि भेगांत असते, त्यामुळे तिसऱ्या बोअरनंतर खोल जाऊन फारसा उपयोग होणार नव्हता. आणि नेमके तिसऱ्या बोअरनंतरच सोसायटीचे कर्ज संपून सावकाराचे सुरू झाले होते. एका रकान्यात खडक बदलत होता आणि दुसऱ्यात व्याजाचा दर. त्या वहीत हे दोन्ही सुरुवातीपासून एकाच ओळीत लिहिलेले होते, आम्हीच ते वेगळे केले होते.

म्हणून आपल्या प्रश्नाचे उत्तर असे. फॉर्म भरावा, पण अटींवर. याआधी कोणत्या विभागाने हीच माहिती नेली, ते त्यांना सांगावे आणि ती तेथून घ्या म्हणावे. निष्कर्ष मराठीत, ग्रामसभेपुढे, कोणत्या महिन्यात सांगणार, ते लिहून घ्यावे. हे अशक्य नाही. नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पासाठी, ज्याला आपल्याकडे पोकरा म्हणतात, मुंबईच्या आयआयटीने गावनिहाय पाण्याचा ताळेबंद मांडण्याची पद्धत तयार केली. पाऊस किती पडला, वाहून किती गेला, जमिनीत किती मुरला आणि पिकांना किती लागेल, हे गावाच्या पातळीवर मांडायचे आणि कामे त्यावरून ठरवायची, अशी ती कल्पना आहे. आपले गाव त्या प्रकल्पात असेल तर तो ताळेबंद मागून घ्यावा आणि पुढच्या पाहणीवाल्यांसमोर तोच ठेवावा.

वहीवाल्या शेतकऱ्याला आमचा अहवाल पोहोचायला अकरा महिने लागले, हेही येथे कबूल केले पाहिजे. त्याने तो ओसरीवर बसून पहिल्या पानापासून वाचला, मग माझ्या खिशातील पेन मागून घेतले आणि आमच्या तक्त्यात एक दुरुस्ती केली. तिसरे बोअर २८० फूट नव्हते, ३२० होते. दिवा गेला होता, म्हणाला, घाईत तुम्ही चुकीचे उतरवले.